रस्त्याकडेची नावे : लेक्सिंग्टन हिस्टॉरिकल सोसायटीची वाटचाल

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टनच्या वायव्येला लेक्सिंग्टन नावाचे गाव आहे. गावाच्या पश्चिमेला फिस्क हिल ही टेकडी लागते. तिथे जुन्या रस्त्यालगत एका विहिरीची जागा दाखवणारा दगड उभा आहे. त्यावर चार-पाच ओळींत एक प्रसंग कोरला आहे. १९ एप्रिल १७७५ रोजी ॲक्टन गावचा जेम्स हेवर्ड या विहिरीवर पाणी प्यायला आला, तेव्हा समोर एक ब्रिटिश शिपाई उभा ठाकला. तू मेलास, असे म्हणत शिपायाने बंदूक रोखली. तूही मेलास, असे हेवर्डने उत्तर दिले. दोघांनी एकदमच चाप ओढला. शिपाई जागीच ठार झाला, हेवर्ड प्राणांतिक जखमी झाला.

हेवर्ड पंचविशीचा होता आणि त्याच्या कमरेला बारूदाचे शिंग होते. गोळी ते शिंग भेदून त्याच्या अंगात शिरली. भोक पडलेले ते शिंग ॲक्टनकरांनी आजही जपून ठेवले आहे. दगडाने मात्र आणखी एक गोष्ट केली आहे. त्याने हेवर्डचे मरण एका जागेला कायमचे बांधून टाकले. इतिहासाच्या पुस्तकात हेवर्ड त्या दिवशी पडलेल्या अनेकांपैकी एक असतो. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला तो इथे, या विहिरीपाशी भेटतो.

असे दगड लेक्सिंग्टनमध्ये जागोजागी आहेत. ज्या पिढीने ते बसवले, त्याच पिढीने १८८६ साली लेक्सिंग्टन हिस्टॉरिकल सोसायटी ही संस्था स्थापन केली. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फोडणाऱ्या त्या दिवशीच्या लढाईला १९ एप्रिल २०२५ रोजी २५० वर्षे पूर्ण झाली. संस्थेच्या वयाची १४० वर्षे २०२६ मध्ये भरतात. एका लहान गावातल्या हौशी इतिहासप्रेमींची संस्था एवढा काळ एकच काम नेटाने करत राहते, ही गोष्ट मराठी वाचकानेही समजून घेण्यासारखी आहे.

त्या दिवशी काय घडले, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. कॉनकॉर्ड गावात वसाहतकऱ्यांनी दारूगोळा साठवल्याची खबर बोस्टनच्या ब्रिटिश सेनापतीला लागली. लेफ्टनंट कर्नल फ्रान्सिस स्मिथच्या हाताखाली सातशेच्या आसपास सैनिक रात्रीच निघाले. वाटेत लेक्सिंग्टन होते. पहाटे गावच्या मैदानावर कॅप्टन जॉन पार्करची गावकऱ्यांची तुकडी उभी होती. त्यांची संख्या सुमारे ७७ होती आणि त्यात शेतकरी, कारागीर, बाप-लेक, चुलत-मावस भाऊ होते. पार्कर स्वतः क्षयाने पोखरलेला होता. पहिली गोळी कोणी झाडली हे आजवर ठरलेले नाही. धूर निवळला तेव्हा आठ जण मेले होते आणि दहा जखमी होते. सैन्य पुढे कॉनकॉर्डला गेले आणि तिथल्या पुलावर त्याला प्रतिकार झाला. परतीच्या सगळ्या वाटेवर गावोगावच्या बंदुका त्याच्यावर चालत राहिल्या. दिवस मावळेपर्यंत ब्रिटिशांचे ७३ आणि वसाहतकऱ्यांचे ४९ लोक मारले गेले होते.

मराठी वाचकाला हे साल ओळखीचे असायला हवे. त्याच वर्षी मार्चमध्ये राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला आणि मे महिन्यात अडासला पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची मोठी लढाई झाली. बोस्टनच्या बंदरात १७७३ साली पाण्यात फेकला गेलेला चहाही ईस्ट इंडिया कंपनीचाच होता. एकाच सत्तेशी दोन टोकांना झगडा चालू होता. एका बाजूला पेशव्यांची फौज होती, दुसऱ्या बाजूला नांगर सोडून आलेले शेतकरी.

लेक्सिंग्टनला आपल्या माणसांची आठवण ठेवण्याची सवय संस्थेच्या पुष्कळ आधीपासून आहे. गावचे धर्मोपदेशक जोनास क्लार्क यांनी १७७६ मध्येच, पहिल्या वर्षदिनाला, या लढाईवर प्रवचन दिले. युद्ध चालू असतानाच वर्षदिन पाळण्याचा प्रघात पडला. १७९९ साली मैदानाच्या कडेला दगडी स्तंभ उभा राहिला. त्यावरचा लेख क्लार्क यांनीच लिहिला आणि त्यात आठही मृतांची नावे घातली. गावचे सात आणि शेजारच्या वोबर्नचा असाहेल पोर्टर. क्रांतियुद्धाच्या स्मारकांत हा स्तंभ देशातला सर्वांत जुना मानला जातो. त्यातली एक बाब मोलाची आहे. अठराव्या शतकात युद्धस्मारकावर सेनापतीचे नाव यायचे, राजाचे यायचे. इथे साध्या शेतकऱ्यांची नावे आली आणि त्यांच्या वर कोणाचेच नाव नव्हते. १८३५ मध्ये गावकऱ्यांनी जुन्या स्मशानभूमीतून मृतांचे अवशेष काढून स्तंभामागे आणून ठेवले. त्या समारंभाला एडवर्ड एव्हरेट यांचे भाषण झाले.

या आठवणींमागे प्रेम होते, तशी चुरसही होती आणि चुरशीची बाजू सांगितल्याशिवाय संस्थेचा जन्म नीट कळत नाही. १८२४ साली फ्रेंच सेनानी लाफायेत अमेरिकेच्या दौऱ्यावर आले. कॉनकॉर्डमध्ये त्यांचे स्वागत करताना सॅम्युअल होअर म्हणाले की ब्रिटिशांना पहिला सशस्त्र प्रतिकार या भूमीवर झाला. लेक्सिंग्टनला ते झोंबले. गावाने लढाईतल्या हयात म्हाताऱ्यांना बोलावले, शपथेवर त्यांच्या जबान्या घेतल्या आणि त्यांच्या आधारे इलायस फिनी यांनी १८२५ मध्ये पुस्तक छापले. आम्हीही गोळीला गोळीने उत्तर दिले होते, असे त्या जबान्या सांगतात. दोन वर्षांत कॉनकॉर्डचे धर्मोपदेशक एझ्रा रिप्ली यांचे पुस्तक उत्तरादाखल आले. कॉनकॉर्डने १८३६ मध्ये पुलाशी स्तंभ उभारला. मग ॲक्टनकर पुढे आले. कॉनकॉर्डच्या पुलावर पहिला पडला तो आमचा कॅप्टन आयझॅक डेव्हिस, मग मान एकट्या कॉनकॉर्डला का, असा त्यांचा सवाल होता. १८५१ मध्ये ॲक्टननेही उंच स्मारक बांधले आणि डेव्हिस, ॲबनर हॉस्मर आणि विहिरीवरचा हेवर्ड या तिघांचे अवशेष त्याखाली ठेवले.

इथे एक गोम आहे. १७७५ च्या एप्रिलमध्येच, लढाईला आठवडाही झाला नव्हता तेव्हा, लेक्सिंग्टनच्या लोकांच्या जबान्या घेतल्या गेल्या होत्या. त्या जगाला दाखवायच्या होत्या आणि त्यांत निरपराध माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्याचे ठसवायचे होते. त्यामुळे आपण उलट गोळी चालवल्याचे त्यांत जवळजवळ येतच नाही. पन्नास वर्षांनी शौर्य सिद्ध करण्याची वेळ आली, तेव्हा तीच माणसे उलट गोळी चालवल्याचे सांगू लागली. त्यांनी कोणत्याही वेळी मुद्दाम खोटे सांगितले असे म्हणण्याचे कारण नाही. पहिल्या वेळी त्यांना एक प्रश्न विचारला गेला होता, दुसऱ्या वेळी वेगळा. संस्थेच्या वाट्याला पुढे जो वारसा आला, त्यात दोन्ही कागद होते.

लढाईतला शेवटचा माणूस, बासरी वाजवणारा जोनाथन हॅरिंग्टन, १८५४ मध्ये वारला. मैदानावर उभा होता तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. एव्हाना गावात रेल्वे आली होती, नवे लोक राहायला येत होते, जुनी घरे पडत होती. १८७५ साली शताब्दीला राष्ट्राध्यक्ष ग्रँट स्वतः आले. कडाक्याच्या थंडीत माणसांचा पूर लोटला. आलेल्यांना दाखवायला स्तंभ होता, मैदान होते. पण पार्कर कुठे उभा होता, मागे हटणाऱ्या सैन्याने तोफ कुठे लावली, हेवर्ड कुठे पडला, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. आजोबांकडून ऐकलेले नातवंडांना माहीत होते, तेवढेच.

ही गरज ओळखून १८८४ च्या सुमारास गावसभेने ठराव केला आणि महत्त्वाच्या जागांवर दगड बसवायला सुरुवात झाली. पार्करची तुकडी जिथे उभी होती तिथे एक भलामोठा खडक आणून ठेवला. जुन्या प्रार्थनागृहाच्या जागी व्यासपीठाच्या आकाराचा दगड बसवला. परतणाऱ्या ब्रिटिशांच्या बचावासाठी आलेल्या सेनानी पर्सीच्या सैन्याने जिथून मारा केला तिथे दगडी तोफ ठेवली. पश्चिमेकडच्या उंचवट्यावर, जिथे थकलेल्या सैन्याने पुन्हा फळी धरायचा प्रयत्न केला, तिथे लेख कोरला. जुन्या घरांवर पाट्या लागल्या. त्यांतली मैदानाच्या कडेच्या एका घराची पाटी वाचताना आजही घसा दाटून येतो. जखमी जोनाथन हॅरिंग्टन (बासरीवाला नव्हे, त्याच नावाचा दुसरा) रक्तबंबाळ अवस्थेत मैदानावरून सरपटत आपल्या दारापर्यंत आला आणि बायकोच्या पायाशी त्याने प्राण सोडला, असे ती पाटी सांगते. याच काळात, १८८४ मध्ये, कॅप्टन पार्करच्या स्मरणार्थही दगड उभा राहिला. पार्कर लढाईनंतर जेमतेम पाच महिने जगला. सप्टेंबर १७७५ मध्ये क्षयाने त्याला नेले.

दगड बसले, पण त्यांच्यामागची माहिती जमवायची, पारखायची आणि सांभाळायची कोणी? १८८६ मध्ये सोसायटी उभी राहिली ती या प्रश्नाचे उत्तर म्हणून. सुरुवातीच्या काळात संस्थेचा मोठा आधार म्हणजे गावचे धर्मोपदेशक कार्लटन स्टेपल्स. कामाची पद्धत साधी होती. सभासद जमायचे, कोणीतरी तयारी करून निबंध वाचायचा. कधी विषय मैदानाचा इतिहास असे, कधी जुने रस्ते, कधी एखादे घराणे. निबंध संस्थेच्या कार्यवृत्तांत छापले जात आणि पहिला खंड १८९० मध्ये निघाला. १९०५ मध्ये डॉ. फ्रान्सिस ब्राउन यांनी जुन्या स्मशानभूमीतल्या साऱ्या शिलालेखांची नक्कल करून ती संस्थेतर्फे पुस्तकरूपाने काढली. १९१३ मध्ये चार्ल्स हडसन यांचा १८६८ चा गावचा इतिहास संस्थेने सुधारून, १९१२ पर्यंत वाढवून, दोन खंडांत छापला. थडग्यावरचा दगड पाऊस आणि बर्फ खाऊन झिजतो. अक्षरे शाबूत असताना ती कागदावर उतरवून घेण्याचे काम कोणी वाखाणत नाही, पण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा राहतो.

संस्थेने राज्याच्या पंचांगातही आपली खूण उमटवली. १८९४ मध्ये तिने विधिमंडळाकडे अर्ज केला की १९ एप्रिल हा ‘लेक्सिंग्टन दिन’ म्हणून जाहीर व्हावा. कॉनकॉर्डने लगेच ‘कॉनकॉर्ड दिना’ची मागणी केली. गव्हर्नर ग्रीनहाल्ज यांनी दोन्ही नावे बाजूला ठेवून ‘पेट्रियट्स डे’ म्हणजे देशभक्तांचा दिवस जाहीर केला. आज मॅसॅच्युसेट्समध्ये ती सार्वजनिक सुट्टी आहे आणि बोस्टनची प्रसिद्ध मॅरेथॉन त्याच दिवशी धावली जाते. लेक्सिंग्टनला हवे ते नाव मिळाले नाही, पण त्यामुळे ॲक्टनचे हेवर्ड आणि डेव्हिस व लेक्सिंग्टनचा पार्कर एकाच दिवशी आठवले जाऊ लागले. संस्थेच्या त्या अर्जाचे हे फळ मागितल्यापेक्षा चांगले निघाले.

घंटाघराची कथा संस्थेच्या चिकाटीची साक्ष देते. १७७५ च्या त्या पहाटे गावाला जागे करणारी घंटा मैदानावरच्या एका लाकडी मनोऱ्यात होती. पुढे गावाला त्या मनोऱ्याची गरज उरली नाही आणि १७९७ मध्ये तो पार्कर घराण्याच्या शेतावर गेला. तिथे कॅप्टनच्या मुलाने त्यात आपली सुतारकामाची जागा केली. ज्या घंटेने बापाची तुकडी गोळा केली, तिच्या घरात लेक रंधा चालवत होता. १८९१ मध्ये सोसायटीने तो मनोरा परत आणून टेकडीवर उभा केला. १९०९ च्या वादळात तो कोसळला. पुढच्याच वर्षी त्याची हुबेहूब प्रतिकृती तिथे उभी राहिली, तीच आजही दिसते.

घरे वाचवणे ही संस्थेची सर्वांत खर्चिक आणि सर्वांत मोठी कामगिरी. जोनास क्लार्क यांचे घर, जिथे १८ एप्रिलच्या रात्री वसाहतकऱ्यांचे पुढारी जॉन हॅनकॉक आणि सॅम्युअल ॲडम्स मुक्कामाला होते आणि मध्यरात्री पॉल रिव्हिअर सैन्य येत असल्याचा इशारा घेऊन आला, ते १८९६ मध्ये पाडायला निघाले होते. संस्थेने ते विकत घेतले, पण जमीन मिळाली नाही. तेव्हा घरच उचलून रस्त्याच्या पलीकडे नेले. १९७४ मध्ये ते पुन्हा मूळ जागी आणले. १९११ मध्ये मनरो टॅव्हर्न संस्थेला जेम्स मनरो यांच्या मृत्युपत्राने मिळाली. ही रस्त्याकडेची जुनी सराई, तिथे पर्सीने परतीच्या वाटेवर काही काळ ठाण मांडले होते आणि जखमी ब्रिटिशांवर तिथेच उपचार झाले. सैन्य निघताना तिथे काम करणारा जॉन रेमंड मारला गेला. मैदानासमोरची बकमन टॅव्हर्न १९१३ मध्ये गावाने विकत घेतली आणि तिची देखभाल संस्थेकडे आली. पार्करचे लोक त्या पहाटे इथे शेकोटीशी बसून वाट पाहत होते. तिथला जुना दरवाजा जपलेला आहे आणि त्यात बंदुकीच्या गोळीचे भोक आहे.

संस्थेच्या संग्रहात विल्यम डायमंडचा ढोल आहे, ज्याच्या आवाजाने तुकडी रांगेत आली. तिथे दोन पिस्तुलेही आहेत, जी ब्रिटिश सैन्यातल्या मेजर पिटकेर्नची म्हणून प्रसिद्ध होती. त्याचा घोडा उधळला तेव्हा ती हाती लागली, अशी परंपरा. अलीकडच्या अभ्यासकांनी ती पिटकेर्नचीच असल्याबद्दल शंका घेतली आहे. लाकडाच्या वर्तुळांचा अभ्यास झाला तेव्हा घरांच्या वयाबद्दलच्या समजुतीही बदलल्या. सतराव्या शतकाच्या अखेरीच्या मानलेल्या हॅनकॉक-क्लार्क (म्हणजे जोनास क्लार्क यांचे घर) आणि मनरो टॅव्हर्न या दोन्ही वास्तू १७३५ च्या आसपासच्या निघाल्या. घर चाळीस वर्षांनी तरुण ठरल्याचे संस्था लपवत नाही, उलट आलेल्या पाहुण्याला सांगते. हे मला तिच्या इतिहासातले सगळ्यात आदरणीय वर्तन वाटते.

याची कसोटी मैदानावरच्या त्या मोठ्या खडकापाशी लागते. त्यावर पार्करच्या तोंडचा आदेश कोरला आहे. जागा सोडू नका, आपल्यावर गोळी झाडली जाईपर्यंत झाडू नका, पण त्यांना युद्धच हवे असेल तर ते इथूनच सुरू होऊ द्या, असा त्याचा आशय आहे. अमेरिकेत तो प्रसिद्ध आहे. पण पार्करने स्वतः २५ एप्रिल १७७५ रोजी शपथेवर जी जबानी दिली, तिच्यात हा आदेश नाही. सैन्य अचानक चालून आले तेव्हा आपण लोकांना पांगायला आणि गोळी न झाडायला सांगितले, असे तो म्हणतो. खडकावरचे शब्द त्याच्या घराण्यातून आणि तुकडीतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीतून पुढे आले. त्याचा नातू, धर्मोपदेशक थिओडोर पार्कर, यांनी ते जपले. चित्रांतही हाच प्रवास दिसतो. १७७५ मधल्या डूलिटलच्या छापील चित्रात गावकरी पांगताना दिसतात. १८८६ मध्ये, म्हणजे संस्थेच्या जन्मवर्षी, हेन्री सँडहॅम यांनी रंगवलेल्या आणि पुढे संस्थेकडे आलेल्या भव्य चित्रात ते छाती काढून लढताना दिसतात.

दोन्हींत तथ्य असू शकते. आदेश सुरुवातीला दिला असेल, पांगायला नंतर सांगितले असेल. आणि न पांगलेले लोकही होते, हे विसरून चालत नाही. पार्करचा चुलत भाऊ जोनास पार्कर याने पळणार नाही अशी शपथ घेतली होती. त्याने टोपी पायाशी ठेवली, तिच्यात गोळ्या आणि गारगोट्या टाकल्या. तो जखमी होऊन गुडघ्यावर आला, पुन्हा बंदूक भरू लागला आणि तिथेच संगिनीने मारला गेला. जेडेडाया मनरो सकाळी जखमी झाला, तरी तो दुपारी पुन्हा लढायला निघाला आणि मारला गेला. दुपारी खुद्द पार्करनेही उरलेल्या माणसांना घेऊन गावाच्या हद्दीवर दबा धरला. त्या जागेला ‘पार्करचा सूड’ म्हणतात. २०१० नंतरच्या दशकात तिथे पुरातत्त्वज्ञांनी जमिनीतून दोन्ही बाजूंच्या बंदुकीच्या गोळ्या शोधल्या आणि कोण कुठे उभे होते याचा नकाशा मांडला. ही माणसे भित्री नव्हती हे दाखवायला मोठ्या वाक्याची गरजच नाही.

शेजारच्या आर्लिंग्टनमध्ये, तेव्हाच्या मनॉटमी गावात, त्या दिवशीची सर्वांत भयंकर कत्तल झाली. तिथली हिस्टॉरिकल सोसायटी १८९७ ची. लंगड्या जेसन रसेलचे घर तिने १९२३ मध्ये घेतले. रसेलसह बारा जण या घरात आणि अंगणात मारले गेले आणि शवपेट्यांविना एकाच खड्ड्यात पुरले गेले. भिंतींतली गोळ्यांची भोके अजून दिसतात. याच गावात रस्त्याकडेला सॅम्युअल व्हिटमोरचा दगड आहे. या म्हाताऱ्याने एकट्याने तीन शिपाई मारले. त्याला गोळी लागली, संगिनींनी भोसकले गेले, मेला समजून टाकून दिले, तरी तो वाचला. दगड सांगतो की तो तेव्हा ८० वर्षांचा होता आणि ९८ वर्षे जगला. खरे पाहता तो १६९६ मध्ये जन्मला आणि १७९३ मध्ये वारला. म्हणजे लढला तेव्हा ७८ चा आणि गेला तेव्हा ९६ चा. आकडा चुकला म्हणून पराक्रम कमी होत नाही. पण दगडावर एकदा कोरलेली चूक पुसता येत नाही, म्हणून दगडाशेजारी कागद सांभाळणारी संस्था लागते.

काही नावांना दगड मिळायला फार उशीर झाला. प्रिन्स एस्टाब्रुक हा गुलाम होता, बेंजामिन एस्टाब्रुक या गावकऱ्याच्या मालकीचा. तो पार्करच्या रांगेत उभा राहिला आणि खांद्याला गोळी लागून जखमी झाला. १७७५ मध्येच छापल्या गेलेल्या जखमींच्या यादीत त्याचे नाव आहे. पुढे तो सैन्यातही लढला आणि मुक्त झाला. बकमन टॅव्हर्नसमोर त्याचे स्मारक उभे राहिले ते २००८ मध्ये, म्हणजे २३३ वर्षांनी. ज्याला स्वतःचे स्वातंत्र्य नव्हते तो इतरांच्या स्वातंत्र्यासाठी त्या मैदानावर गेला. गावाने त्याला इतका काळ दगड दिला नाही, ही उणीव मोठीच होती आणि ती भरून काढली गेली हे योग्यच झाले. शत्रूच्या बाजूचीही आठवण या भागात ठेवली गेली आहे. बकमन टॅव्हर्नमध्ये तीन दिवसांनी मेलेला एक ब्रिटिश शिपाई जुन्या स्मशानभूमीत आहे आणि त्याच्या जागेवर खूण आहे. शेजारच्या लिंकन गावाच्या स्मशानभूमीत अशाच पाच जणांचा दगड आहे. त्यांची नावे त्या दगडांवर नाहीत.

१९०० साली मैदानाच्या टोकाला हेन्री किट्सन यांनी घडवलेला मिनिटमॅनचा, म्हणजे हाक येताच लढायला निघणाऱ्या गावकरी सैनिकाचा, पुतळा उभा राहिला. लोक त्याला कॅप्टन पार्कर म्हणतात, पण पार्करचे चित्र कोणाकडेच नाही. १९५९ मध्ये केंद्र सरकारने ब्रिटिशांच्या परतीच्या वाटेचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून ताब्यात घेतला आणि फिस्क हिलचा परिसर त्याच्या हद्दीत आला. तरी गावातल्या जुन्या वास्तू संस्थेनेच चालवल्या. आता ती ‘लेक्सिंग्टन हिस्टरी म्युझियम्स’ या नावाने ओळखली जाते आणि जुने रेल्वे स्टेशन तिच्या मालकीचे आहे. दरवर्षी पेट्रियट्स डेला उजाडताच गावकरी त्या काळचे कपडे घालून मैदानावर लढाई उभी करतात. आज गावातले सुमारे एक तृतीयांश लोक आशियाई वंशाचे आहेत आणि त्यांत भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत. पहाटे मुलांना खांद्यावर घेऊन मैदानाच्या दोरीपाशी उभे राहणाऱ्यांत तेही असतात.

आपल्याकडे शूरांचे दगड नाहीत असे नाही. गावोगावच्या वीरगळांवर झुंज कोरली आहे, पण बहुतेकांवर नाव नाही. पहिल्या महायुद्धानंतर सातारा, रत्नागिरी आणि इतर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत सरकारने पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक १९१४-१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच त्यांवर मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. असे आकडे दगडावर आहेत, नावे मात्र राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवहीत आहेत. बहुतेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो, आणि ती नोंदवही कोणालाही पाहता येते. ज्या गावात अशी पाटी आहे तिथल्या शाळेने, वाचनालयाने किंवा इतिहास मंडळाने नोंदवहीतली आपल्या गावची नावे शोधावीत, जाणत्या माणसांकडून ती पडताळून घ्यावीत आणि त्या पाटीशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येतील अशी, देवनागरीत कोरून लावावीत.